उजव्या पाचरेची जागा

शेडच्या लांब भिंतीवर अठ्ठेचाळीस खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक हेल्मेट. दारातून बघणाऱ्याला वाटावं, काय भरभक्कम कंपनी आहे! जवळ जाऊन बघितलं तर कळायचं, की निम्म्या हेल्मेटांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली आहे. पण जवळ जाऊन बघायला येतंय कोण? पाहणीला येणारे मोठे साहेब दारातच चहा घेत आणि तिथूनच समाधान पावत.

ही राखीव दलाची पुलाची कंपनी. एरवी आपापल्या नोकऱ्या करणारी माणसं एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी गणवेश चढवून यायची, लोखंडी चौकटी जोडून पूल उभा करायची कवायत करायची आणि संध्याकाळी कंबर धरून घरी जायची. शिवाय वर्षातून पंधरा दिवस शिबिर. मंजूर माणसं अठ्ठेचाळीस, पटावर बेचाळीस, आणि प्रत्यक्षात येणारी पंचवीस-सव्वीस. बाकीची हळूहळू गळाली होती. कुणाचा मालक शनिवारची सुट्टी देईना, कुणाला बढती हवी होती, कुणाला तीन वर्षं मापाचे बूट मिळाले नव्हते. कुणाच्या बायकोने सरळ विचारलं होतं, की लग्न माझ्याशी केलंय का त्या लोखंडाशी.

हा सगळा डोलारा सांभाळत होता तो हवालदार. वय पंचेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं या शेडमध्ये. सोमवार ते शुक्रवार तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्या कामात त्याच्यासारखा काटेकोर माणूस शोधून सापडला नसता. लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरला असेल, तर त्याने स्वतःच्या तोंडाने "वर घे" म्हटल्याशिवाय हवालदार बटणाला हात लावायचा नाही. एकदा जोडीदाराने खालच्याच्या वतीने वरूनच "घे, घे, तो बाहेर आलाय" म्हणून सांगितलं. तो खरंच बाहेर आला होता. तरीही हवालदाराने त्या जोडीदाराला कामावरून काढायला लावलं. "दुसऱ्याच्या जिवाची हमी तू कोण देणार?" असं चारचौघांत सुनावलं होतं त्याला.

शनिवारी मात्र हाच माणूस वेगळा व्हायचा. पूल जोडताना प्रत्येकाची जागा ठरलेली असते. हवालदार एकेक जागा पुकारायचा आणि त्या जागेवरचा "हजर" म्हणायचा. जागा रिकामी असेल, तर शेजारचा म्हणायचा, "भरली." म्हणजे माझं सांभाळून तिच्याकडेही मी बघतो. पूर्वी दोन-तीन माणसं कमी असायची तेव्हा ही सोय चांगली होती. "भरली" म्हणणारा खरंच धावून ती जागा भरायचा. पुढे रिकाम्या जागा वाढल्या आणि धावणारे तेवढेच राहिले. मग "भरली" हा नुसता पुकारा झाला. एकेकजण तीन-तीन जागा भरायचा आणि त्यावरून थट्टाही व्हायची. त्यांच्यातला पोस्टमन म्हणायचा, "मी एकटाच आख्खी तुकडी आहे, फक्त जेवण एकाचंच मिळतं." कवायत सपाट मैदानावर असायची. तिथे काही चुकलं तर लोखंड खणखणायचं, लोक हसायचे, आणि पुन्हा सुरुवात.

उजव्या पाचरेची जागा अशीच रिकामी होती. पूल रोलरांवरून पुढे ढकलतात, आणि थांबला की दोन्ही बाजूंच्या रोलरांत लाकडी पाचर बसवतात, नाहीतर ते धूड मागे सरकू शकतं. उजवी पाचर होती सतरा नंबरची. हा सतरा नंबर म्हणजे शाळेतला एक मास्तर, आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन दूर गेलेला. नाव काढा म्हणून त्याने तीन पत्रं पाठवली होती. तिन्ही पत्रं हवालदाराच्या टेबलाच्या खालच्या खणात होती. हवालदार पुकारायचा, "उजवी पाचर!" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "भरली!" मैदानावर तो त्या रोलरच्या शेजारीच उभा असायचा. ओरडता ओरडता बुटाने पाचर आत सारली की झालं काम.

त्या वर्षी कॅप्टन नवा होता. तो कायम सैन्यातला, दोन वर्षांसाठी इकडे पाठवलेला. त्याने हवालदाराला बोलावून भिंतीवरचा तक्ता दाखवला.

"चाळीसच्या खाली पट गेला, की कंपनी बंद. माणसं दुसरीकडे वर्ग, शेडला कुलूप. या महिन्यात तिघांची मुदत संपते."

"दोघं थांबणार नाहीत, साहेब. मी बोललो त्यांच्याशी."

"म्हणजे बरोबर चाळीस. आणि तिसरा?"

हवालदार जरा घुटमळला. "तिसरा आमच्या घरातलाच आहे. बघतो."

तिसरा म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो इस्पितळात डायलिसिसची यंत्रं चालवायचा, म्हणून शेडमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. लग्न ठरलं तेव्हा हवालदारानेच त्याला कंपनीत ओढलं होतं आणि तो होणाऱ्या मेव्हण्याचा शब्द मोडवेना म्हणून आला होता. सहा वर्षं झाली, एकदाही दांडी मारली नव्हती. खुंटी अकरा, हेल्मेट स्वच्छ.

त्याच आठवड्यात धाकटीने भावाला घरी बोलावलं. ती ग्रंथालयातून नुकतीच आली होती, खांद्यावर पर्स तशीच. दोन वर्षांची मुलगी जमिनीवर बसून भांड्यांची झाकणं वाजवत होती.

"दादा, ह्यांची मुदत संपतेय," ती म्हणाली. "ह्या वेळी त्यांना सुटू दे."

"मी कुठे धरून ठेवलंय त्याला?"

"तूच धरलंयस. ते तुला नाही म्हणणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. इस्पितळात त्यांच्या मागून आलेला वरचढ झाला, का? तर तो शनिवारी असतो. बाकीचे तोंडावर बोलतात, की तुमच्या कवायतीसाठी आम्ही का मरायचं. घरी आले की दोन दिवस खांदा धरून बसतात. चार माणसांचं ओझं उचलतात रे तिथे! मला खोटं सांगतात, पण खांदा मला दिसतो ना."

हवालदार झाकणं वाजवणाऱ्या भाचीकडे बघत राहिला. धाकटीला आईच्या माघारी त्यानेच वाढवली होती, तिला तो चिमणी म्हणायचा. तिने आजवर त्याच्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं.

"एवढं एकच कर," ती म्हणाली. "ते विचारायला येतील, तेव्हा जा म्हण. बास."

"बरं," हवालदार म्हणाला. "म्हणतो."

आणि म्हणणारही होता. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. शनिवारी सकाळी शेडचं कुलूप काढेपर्यंत त्याच्या मनात तेच होतं. पण आत शिरल्यावर तेलाचा आणि गंजाचा तो ओळखीचा वास आला, अठ्ठेचाळीस खुंट्या दिसल्या, आणि त्याचा जीव कासावीस झाला. एकोणीस वर्षं! हे गेलं तर आपण कोण? लिफ्टवाला. एवढंच.

डॉक्टर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आला. फॉर्म हातात घेऊन उभा राहिला. "दादा, हिने तुम्हाला सांगितलंच असेल. काय करू?"

हवालदाराने पेन काढून टेबलावर ठेवलं. "एक वर्ष काढ," तो म्हणाला. "फॉर्म तीन वर्षांचा असला तरी वर्षभराने मी स्वतः तुझं नाव काढतो. तोवर चार नवीन पोरं येतील. तू गेलास तर एकोणचाळीस होतात. तुझ्या एकट्यामुळे कंपनीला कुलूप लागेल रे. चिमणीला मी समजावतो."

डॉक्टर थोडा वेळ फॉर्म वाचत राहिला, किंवा वाचल्यासारखं केलं. मग वाकून सही केली. "तुम्ही आहात म्हणून," म्हणाला, आणि हेल्मेट घ्यायला गेला.

चिमणीला कुणीच समजावलं नाही. हवालदार दीड महिना तिच्या घराकडे फिरकला नाही. कामाच्या सबबी कमी नव्हत्या.

मग एका मंगळवारी सकाळी बोलावणं आलं, तेही कवायतीचं नव्हे, खरंखुरं. नदीवरचा जुना पूल मधोमध खचला होता आणि पलीकडची तीन गावं तुटली होती. वरच्या कचेरीत कुणीतरी पट उघडला, चाळीस हा आकडा वाचला आणि ठरवलं, की एक कंपनी पुरेशी आहे. दुसरी पाठवायची गरज नाही. चाळीसच्या चाळीस जणांना निरोप गेले. दुपारपर्यंत काठावर पोचले चोवीस.

कॅप्टनने माणसं मोजली, पुन्हा मोजली. "हवालदार, जमेल का? नाहीतर आत्ताच कळवतो."

कळवलं असतं तर पट उघडा पडला असता. मास्तरची पत्रं बाहेर आली असती, आणि तशी आणखी पंधरा नावं. "जमेल, साहेब," हवालदार म्हणाला. "आम्हाला सवय आहे."

काठ मैदानासारखा सपाट नव्हता. नदीजवळ उंच आणि मागे उतरता. जोडलेला पूल पुढे ढकलायचा म्हणजे चढावर ढकलायचा, आणि सोडला तर तो मागेच येणार. कॅप्टन सहा माणसं घेऊन होडीने पलीकडे गेला. तिकडचं टोक बसवायला माणसं लागतातच. अलीकडे राहिले अठरा. इशारे द्यायला मधोमध, हातात झेंडी घेऊन, हवालदार उभा राहिला. तिथून उजवा रोलर पंधरा पावलांवर होता.

सुरुवातीला त्याने डोकं ठिकाणावर ठेवून पोस्टमनला उजव्या पाचरेवर नेमलं. तीन वेळा पूल पुढे गेला, तीन वेळा पाचर बसली. मग एका उचलणाऱ्याच्या पाठीत लचक भरली आणि तो खालीच बसला. चौकट उचलायला सहाजण लागतात, राहिले पाच. "पोस्टमन, तू इकडे ये," हवालदार ओरडला. "पाचर मी बघतो." चौथ्या खेपेला तो पंधरा पावलं धावत गेला, बुटाने पाचर आत सारली आणि धावत परत आला. धाप लागली होती. सगळ्यांनाच लागली होती. डॉक्टर डावा हात गुडघ्यावर टेकून उभा होता आणि उजव्या हातात जोडाची खीळ होती. पुलाचं शेपूट आणि मागे आणून ठेवलेली चौकट यांच्या मधे शिरून ती खीळ घालायची, हे काम बारीक अंगाच्या माणसाचं. सहा वर्षं ते त्याचंच होतं.

पाचव्या खेपेला पूल पुढे गेला आणि थांबला. हवालदाराने पुकारा सुरू केला.

"डावी पाचर!"

"हजर!"

"उजवी पाचर!" आणि त्याच दमात, एकोणीस वर्षांच्या सवयीने, त्यानेच उत्तर दिलं, "भरली!"

असं म्हणून तो वळलाही होता. धावणारच होता. तेवढ्यात पलीकडून कॅप्टनची शिट्टी आली आणि तो झेंडीने उत्तर द्यायला नदीकडे फिरला. दोनदा उजवीकडे, एकदा खाली. तेवढाच वेळ. माणसं पुलावरचे हात काढून चौकटीकडे गेली, आणि डॉक्टर खीळ घेऊन आत शिरला.

एका पाचरेने एवढं धूड थांबत नाही. ते आधी तिरकं झालं, मग डावी पाचर फेकून देऊन हातभर मागे आलं. जास्त नाही, हातभरच. आवाजही फारसा झाला नाही. हवालदार वळला तेव्हा पोस्टमन दोन्ही हातांनी लोखंड ढकलत होता, पुढे, चढावर, एकटा, आणि तोंडाने नुसता "अरे, अरे" करत होता.

सगळ्यांनी मिळून ढकलून डॉक्टरला बाहेर काढलं, तोवर तो गेला होता. हातातली खीळ सुटली नव्हती.

काठावरच्यांचे जबाब दोन दिवसांत आटोपले. सोळाजणांनी एकच सांगितलं: पुकारा झाला, "भरली" ऐकू आलं, आवाज कुणाचा ते आठवत नाही. एकाच्याही तोंडून हवालदाराचं नाव निघालं नाही. एकोणीस वर्षं त्याने प्रत्येकाची दांडी झाकली होती, आता ते त्याला झाकत होते. हवालदाराचा जबाब घेताना कॅप्टनने पेन बाजूला ठेवलं.

"पटानुसार उजव्या पाचरेवर सतरा नंबर नेमलेला होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बोलावूनही तो आला नाही. मी एवढंच लिहितोय. त्यापुढे तुम्ही काही सांगू नका."

"सतरा नंबर आठ महिन्यांपूर्वीच गेलाय, साहेब."

"कागदावर आहे ना?" कॅप्टन म्हणाला. हवालदार गप्प बसला, आणि ही त्याची दुसरी चूक. पहिली सवयीने झाली होती. ही पूर्ण शुद्धीत झाली. त्याच आठवड्यात मास्तरला शाळेतून, भर वर्गातून उठवून चौकशीला नेलं.

धाकटी या सगळ्या दिवसांत भावाशी एक शब्द बोलली नाही. ती फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "ते मास्तर का आले नाहीत हो?" दुसरं काही विचारायचीच नाही. त्या एका माणसावर तिने सगळं नेऊन ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा शनिवार आला. कॅप्टनने हवालदाराला बाजूला घेतलं. "डॉक्टरचा अकरा नंबर तिमाही संपेपर्यंत पटावर राहू दे. कागद हलायला वेळ लागतोच. तोवर एखादा नवा मिळवा."

हवालदार पट घेऊन रांगेसमोर उभा राहिला. एकवीसजण आले होते. त्याने एकापासून सुरुवात केली. "हजर", "हजर", "भरली", "हजर". आवाज नेहमीचेच होते. दहा झाले. पुढचा आकडा त्याच्या तोंडून निघून गेला.

"अकरा!"

"भरली!" पोस्टमन म्हणाला.

म्हटल्याबरोबर पोस्टमनचा चेहरा पडला. त्याने हाताने तोंड दाबलं, पण शब्द गेला तो गेला. रांगेत कुणी हललं नाही. हवालदाराला पोस्टमनचा राग आला नाही. त्याला स्वतःची किळस आली.

"नाही," तो म्हणाला. "रिकामी आहे."

आणि त्याने तसं लिहिलं. अकरापुढे लिहिलं, सतरापुढे लिहिलं. मग एकेक खुंटी बघत, जिथे जिथे धूळ होती तिथे तिथे लिहीत गेला. कॅप्टन "हवालदार! हवालदार!" म्हणत राहिला. खालच्या खणातली मास्तरची तीन पत्रं काढून त्याने कॅप्टनच्या हातात दिली आणि तिथेच उभ्या उभ्या स्वतःचा जबाब लिहून दिला. चारच ओळी. "भरली असे मी ओरडलो. पाचर बसलेली नव्हती. मी पंधरा पावले लांब होतो. सतरा नंबरचा यात काही दोष नाही."

मग तो तसाच गणवेशात धाकटीकडे गेला.

दार तिनेच उघडलं. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मुलगी तिच्या कमरेवर होती. हवालदार उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलला. जा म्हणतो असं सांगून थांबवून कसं घेतलं, तेही सांगितलं. पत्रं, पट, पंधरा पावलं, सगळं. काही गाळलं नाही.

"म्हणजे मास्तरांचं काही नव्हतं," शेवटी ती म्हणाली.

"नाही."

"तू ओरडलास."

"हो."

"मोठ्याने?"

"नेहमीसारखं."

धाकटीने मुलीला एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं.

"ते इथून निघताना मी दर वेळी म्हणायचे, जपून हं," ती म्हणाली. "तर हसायचे. म्हणायचे, दादा असतात तिथे. त्यांचा आवाज आल्याशिवाय मी आत हात घालत नाही."

मुलगी हवालदाराच्या गणवेशाच्या बटणाकडे हात पुढे करत होती. धाकटीने तिचा हात धरून मागे घेतला आणि दार लावून घेतलं.